तुलनेची काच

पुन्हा तोच सुळका! पडद्यावरच्या आलेखाकडे बघून तिनं अक्षरशः दातओठ खाल्ले. काच कोरी होती. तिच्यावर चांदीचा खरखरीत थर होता आणि त्या थरावर तिनं काही म्हणजे काहीही ठेवलेलं नव्हतं. असल्या चांदीला एखादा रेणू नुसता चिकटला, तरी लेसर पडल्याबरोबर तो रामन यंत्राला आपली ओळख सांगून मोकळा होतो. पण चिकटतोय कोण, तेच कळत नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचा जाड्या डोकावला. त्याची पीएचडीची सगळी वर्षं असल्याच आलेखांत गेली होती.

"निकोटिन! डोळे मिटून सांगतो. कधीपासून ओढायला लागलीस गं?"

"गप रे," ती म्हणाली. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. सुळका रोज उठायचा नाही. बाबा डबा घेऊन यायचे, त्याच दिवशी उठायचा.

गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. रोज चालायचं आणि सिगारेटचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. आईनं त्यावर ताण केली. "घरात एक थोटूक जरी दिसलं, तर तुमचं सामान दाराबाहेर!" तेव्हापासून आईनं बांधून दिलेला डबा घेऊन बाबा आठवड्यातून तीन-चारदा पायी पायी लेकीच्या प्रयोगशाळेत यायचे, पिशवी तिच्या टेबलावर काचांशेजारी ठेवायचे आणि जेवायची वेळ होईपर्यंत जाड्याची फिरकी घेत बसायचे.

त्या दुपारीही ते आले. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"बाबा, पुन्हा सुरू केलीत ना? खोटं बोलू नका. हे बघा, यंत्रच सांगतंय."

बाबांनी आधी आलेखाकडे बघितलं, मग काचांकडे, मग पिशवीकडे. मग त्यांनी मान खाली घातली.

"हो गं. अधूनमधून एखादी. पण तुझ्या आईला सांगू नकोस हं."

तिला राग आला, रडू आलं. आयसीयूच्या दारातल्या त्या खुर्च्या आठवल्या. माणूस कसाबसा परत मिळाला होता आणि आता पुन्हा हे! निदान किती ओढतात ते तरी कळू दे, म्हणून निघताना तिनं त्यांच्या कोटाच्या खिशात जाळीच्या डबीत घालून एक कोरी काच गुपचूप सरकवली. तुलनेला म्हणून तशीच दुसरी रिकाम्या डब्याच्या पिशवीतल्या आतल्या कप्प्यात टाकली. तुलनेशिवाय कुठलीच काच मोजायची नाही, ही तिची सवय.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. काहीतरी निमित्त काढून तिनं दोन्ही डब्या काढून घेतल्या आणि त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. कोटातली काच आधी लावली. रेषा सपाट. जागा बदलून पाहिली, तरी सपाट. यंत्र बिघडलं की काय, म्हणून तिनं पिशवीतली काच लावली. सुळका असा चढला की पडद्यात मावेना.

पिशवी आई धुते. डबा आई भरते. गाठही आईच मारते.

ती बाहेर येऊन बाबांच्या शेजारी धपकन बसली. बाबांना काही होणार नव्हतं. हसावं की रडावं, तिला कळेना.

"बाबा, तुम्ही ओढत नाही. आई ओढते."

"हळू बोल," बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले. "मला तरी काल तुझ्या आलेखावरूनच कळलं. मागच्या गॅलरीत चार कपडे वाळत घालायला हिला तासभर का लागतो, ते कोडं सुटलं बघ."

"आईचं मी बघते. पण तुम्ही आळ स्वतःवर का घेतलात?"

बाबा खुशीत हसले. "फेडायचं होतं गं! आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. तुझ्या आजीला आमच्या गादीखाली सिगारेटचं पाकीट सापडलं. सगळं घर माझ्यावर तुटून पडणार, तेवढ्यात ही नवी सून पुढं झाली आणि म्हणाली, 'माझं आहे.' आजीनं कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला होता. नवऱ्यासाठी एवढं कोण करतं? मी जन्मभर विसरलो नाही."

त्यांनी डब्याची पिशवी मायेनं मांडीवर घेतली. गाठ सोडता सोडता त्यांचा हात थांबला. कपाळाला आठी पडली.

"काय झालं बाबा?"

"अगं, पण मी पाकीट गादीखाली कधी ठेवतच नव्हतो."