सावलीतला गाल

प्रदर्शनातल्या आपल्या फोटोसमोर मंदाकिनी थबकली. खिडकीतला कोवळा उजेड तिच्या उजव्या गालावर पडला होता. ॲसिडने जळलेला डावा गाल गडद सावलीत बुडाला होता. लोक "काय प्रकाश पकडलाय!" म्हणत होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा हा गाल कुठाय?" तिने नामवंत छायाचित्रकार गद्र्यांना विचारलं.

"मुद्दाम अंधारात ठेवला. तुम्ही सुंदर दिसाव्यात म्हणून."

"सुंदर दिसायला आले होते का मी? ॲसिड फेकणारा मोकाट फिरतोय. त्याने काय केलं, ते लोकांना दिसावं म्हणून बसले तुमच्यासमोर!"

फोटोवरचा दिवा तिने हिसका देऊन स्वतःकडे वळवला आणि जळका गाल उजेडात धरला. गद्र्यांनी सवयीने कॅमेरा उचलला.

"तो खाली ठेवा," ती कडाडली. "आधी नुसत्या डोळ्यांनी बघा."