दोन किलो

मोसमातली शेवटची उडी मारून इल्मारी बर्फावर थांबला तेव्हा लाहतीच्या मैदानातल्या गुणफलकावर त्याचं नाव दुसरं होतं. कित्येक हिवाळे स्की-उड्यांच्या दुय्यम स्पर्धांत घालवल्यावर तो पहिल्या संघात जाणार होता. मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं, पण त्याला ना आनंद झाला, ना थंडी वाजली. प्रशिक्षक कानाशी येऊन म्हणाले, “शाब्बास! आता फक्त आणखी दोन किलो उतरव. वर हलकाच माणूस लांब जातो.” कुंपणापाशी आई गोड पावांचा डबा घेऊन उभी होती. “काकू, त्याला नका हं देऊ!” प्रशिक्षक हसले. तिने झाकण लावलं. इल्मारीने ते उघडलं आणि उभ्याउभ्या अख्खा पाव खाल्ला. “वेड लागलंय का तुला?” प्रशिक्षक ओरडले. “नाही. मी वरच्या संघात येत नाही.” आईने हळूच विचारलं, “पाव बरा झालाय?” “अजून चव लागत नाहीये गं. दुसरा दे.”