वापरण्यापूर्वी

चंद्रकलेचा लग्नासाठी काढलेला फोटो अकोल्याच्या दादाराव फोटोवाल्यानं गजकर्णाच्या मलमवाल्यांना परस्पर विकून टाकला. महिनाभर तो पेपरात झळकत राहिला. नितळ गालांवर शाईनं काढलेले चट्टे आणि खाली ठळक अक्षरांत ‘वापरण्यापूर्वी’. ठरत आलेली सोयरीक मोडली, कॉलेजातली पोरं तिला त्याच नावानं हाका मारू लागली. ती रडत स्टुडिओत गेली, तर दादाराव दात काढून हसला, “काहून रडून राहिली वं पोरी? फोटो त साजरा आला ना!”

त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. आता अकोल्यातच चंद्रकलेचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गेल्या महिन्यात दादाराव स्वतःच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करायला फोटो घेऊन तिथंच आला. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं मात्र त्याला पायरीवरच ओळखलं, आणि फ्लेक्स अगदी झकास करून दिला.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळीच तो धापा टाकत दुकानात शिरला. गावभरच्या ऑटोंच्या पाठीवर त्याचा फोटो लागला होता. मूळव्याधीच्या दवाखान्याची जाहिरात, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उपचारापूर्वी’.

“मले मूळव्याध नाही वो बाई! सोयरेधायरे हासून राहिले!” तो रडकुंडीला आला होता.

चंद्रकलेनं ड्रॉवरमधून पेपरचं एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.



“काहून रडून राहिले भाऊ? फोटो त साजरा आला ना!”