नवा सायलेन्सर

कळंबोलीच्या गॅरेजमध्ये भावेशची लाल गाडी लिफ्टवरून खाली आली, तेव्हा रंभा वडिलांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होती.

"बाबा, हलू प्या!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

शेजारच्या टायरवाल्याने मान वळवून पाहिलं. काशीरामबाबांनी मात्र एका दमात अर्धी बाटली संपवली आणि त्यांना जोरात ठसका लागला. रंभाने पाठ चोळली, पदराने हनुवटी पुसली.

बाबांचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कानात घालायचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून बाबा काढून ठेवायचे. मग कोन गावातल्या त्या घरात उरला फक्त रंभाचा घसा. जेवायला या, गोळी घेतली का, पाणी काढलंय आंघोळीला... सगळं ओरडून. गावात लोक म्हणायचे, ही बाई बापाशी सारखी भांडते. आता ती फोनवरही ओरडूनच बोलायची.

भावेश, तिचा धाकटा भाऊ, नवीन पनवेलला राहायचा. दर रविवारी यायचा, बाबांच्या शेजारी तासभर बसायचा आणि जायचा. ही दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी त्याने सेकंडहँड घेतली होती. आज तिचा सायलेन्सर बदलायचा होता. "बाबांना पण दाखवतो," म्हणाला. बाबांना एकट्याने सांभाळणं त्याला जमलं नसतं, म्हणून रंभाही आली. मागच्या एवढ्याशा सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन.

"बटण बंद असलं की गाडी एकदम शरीफ," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "बटण चालू केलं की फिर देखो आवाज. पण रस्त्यावर नको हां, भावेशभाई. पोलीस धरतील."

भावेशने बाबांना गाडीच्या मागे उभं केलं आणि त्यांचा तळहात डिकीवर ठेवला. स्वतः आत बसला, बटण दाबलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला.

गॅरेजचे पत्रे थरथरले. टेबलाखाली झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे पळालं. रंभाने दोन्ही कानांवर हात दाबले.

आणि बाबा हसले. दात नसलेल्या तोंडाने, सगळा चेहरा उघडून.

"आयकाला आला!" ते ओरडले. "रंभे, मना आयकाला आला!"

भावेश उडी मारून बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते. "ताई, बघितलंस? बाबांना ऐकू आलं!"

"बघितलं ना," रंभा म्हणाली. मिस्त्री बघत होता म्हणून ती हसलीही. पण इतकी वर्षं घसा तिने फोडला, आणि बाबांनी ऐकलं ते एका लोखंडी नळीचं. ती नळी आत्ताच्या आत्ता गळून पडावी असं तिला वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

भावेश पुन्हा आत बसला. पुन्हा पत्रे थरथरले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. देवळात घंटा वाजत असताना मिटावेत तसे.

"आता मी फाट्यावरून वळलो की बाबांना ओटीवर बसल्या बसल्या कळेल," भावेश खिडकीतून म्हणाला. "तुला सांगायला पण नको, भावेश आला म्हणून."

'भावेश आला' हे रंभाचं आठवड्यातलं एकच वाक्य बाबांना पहिल्या खेपेला समजायचं. तिचे ओठ हलले की ते काठी शोधायला लागायचे.

ती बाबांजवळ गेली. त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडली, "बाबा, ऊन झालाय! घरी जाव!"

बाबांनी डोळे न उघडताच तिला हाताने बाजूला केलं. "थांब गो. आयकू दे."

तेवढ्यात भावेशचा फोन वाजला. इंजिन चालूच ठेवून तो उतरला आणि बोलत बोलत रस्त्याच्या कडेला गेला. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरला. गाडी आता नुसतीच घुमत होती. डिकीवर हात ठेवून बाबा उभे होते, मान किंचित तिरकी, वाट बघत.

रंभा गाडीला वळसा घालून पुढे आली. दार उघडंच होतं. साडी आवरून ती आत बसली. इतक्या खाली, की रस्त्यावर बसल्यासारखं वाटलं. आरशात बाबा दिसत होते. गाडी चालवायला तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं, पण भावेशचा पाय कुठे होता ते तिने पाहिलं होतं.

तिने चप्पल काढली आणि अनवाणी पायाने दाबलं.

आवाज तिच्या पाठीतून वर चढला. आरशात बाबांचा चेहरा पुन्हा उघडला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तिने पाय उचलला. आवाज खाली बसला.

"भावेश!" बाबा ओरडले. "अजून एकदा, पोरा!"

तिकडे रस्त्यावर भावेशने फोन कानापासून दूर धरला आणि वळून पाहिलं.

रंभाने आरशातून नजर काढली नाही.

"मी हाय, बाबा," ती म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा, साध्या, हळू आवाजात. आणि मग तिने पाय तळाला टेकेपर्यंत दाबला.