पाचवा खुंटा

गावच्या क्लबातल्या साठ खुर्च्यांपैकी एकोणसाठ रिकाम्या होत्या. साठाव्या खुर्चीवर केनेशबाबा बसले होते. डोक्यावर उंच पांढरी टोपी, गुडघ्यांत मेंढ्या हाकायची काठी. जाझगुलने घड्याळ पाहिलं, दार पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. बिश्केकहून सात तास खडखडत ती इथवर व्याख्यान द्यायला आली होती. आज मैदानात घोड्यांचा खेळ असता, तर हीच माणसं छपरांवर चढून बसली असती. विज्ञान म्हटलं की यांना नेमकी मेंढ्यांची कामं आठवतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला चांगलाच राग आला.

"कर सुरू, पोरी," बाबा म्हणाले. "माणूस एकच आलाय, पण कान दोन आहेत मला."

तिने सुरू केलं. गावाचं पाणी ज्या हिमनदीतून येतं, तिच्यावर आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः पाच खुंटे रोवले होते. प्रत्येकावर एक लाल पट्टा, बर्फाला अगदी टेकलेला. बर्फ वितळला की पट्टा वर दिसायचा. जितका वर, तितका बर्फ गेला. दर वर्षी ऑगस्टअखेरीला ती यायची, वहीत पाच आकडे लिहायची आणि निघून जायची. चार पट्टे दर वर्षी वर आलेले असत. पाचवा, केनेशबाबांच्या कुरणालगतचा, जागचा हलत नव्हता. तिथला बर्फ का टिकतो, यावर तिने अख्खा अहवाल लिहिला होता. सोमवारी तो परदेशी जायचा होता. त्या एका खुंट्यावर तिचं नाव होणार होतं.

हे असं सोपं काही ती बोलली नाही. 'वार्षिक वस्तुमान-समतोल' वगैरे चढण चढत ती पाचव्या खुंट्यापाशी पोचली, तोवर बाबांना दोन डुलक्या लागून गेल्या होत्या.

"पाचवा खुंटा," तिने आवाज चढवला, "आठ वर्षांत बोटभरही हललेला नाही!"

बाबा खाडकन जागे झाले. त्यांची छाती फुगली.

"हलेल कसा? मी हलू देतो होय!"

जाझगुलच्या हातातला खडू हातातच राहिला. "म्हणजे? काय करता तुम्ही?"

"उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी वर जातो. पट्टा वर आलेला असतो. पहारीने भोक खोल करतो, खुंटा आत सोडतो, पट्टा पुन्हा बर्फाला टेकवतो. पाहुण्याची ठेव आहे ती. जशी ठेवली तशीच परत द्यायची असते. फौजेत गेलेल्या एका माणसाचं खोगीर माझ्या बापाने अकरा वर्षं तेल लावून जपलं होतं. माझ्याच्याने एक खुंटा जपवणार नाही?"

"आणि बाकीचे चार?"

"ते असानबेकच्या कुरणालगत. तो आळशी."

जाझगुल मटकन खुर्चीत बसली. आता अठ्ठावन्न रिकाम्या होत्या. आठ वर्षांचं काम पहारीखाली गेलं होतं. रडावं की हसावं, तिला कळेना.

बाबांनी काठी तिच्यापुढे धरली. "चोरून नाही हो केलं काही. उद्या कुणी म्हणेल, केनेशने खुंट्याशी चाळा केला. उत्तर नको? एक वीत आत सोडला की एक खाच. उन्हाळा सरला की एक कडं."

तिने काठी खिडकीशी नेली. सात कडी, आठ उन्हाळे. एका खेपेच्या खाचा जवळजवळ, मग बोटभर जागा, मग पुढची खेप. पहिल्या उन्हाळ्यात आठ विती. यंदा तेरा, आणि उन्हाळा अजून सरायचा होता. बर्फ टिकत नव्हताच. तो चालला होता, वर्षागणिक जोरात. तिच्या वहीत वर्षाला एक आकडा होता. या काठीवर पंधरा-पंधरा दिवसांची हकीकत होती. सोमवारी ती जगापुढे तोंडघशी पडायची, ते या म्हाताऱ्याने वाचवलं होतं. तिला मोठ्याने हसू आलं. किती तरी दिवसांनी इतकं मोकळं हसू आलं होतं.

मग तिने त्यांना पट्ट्याचा अर्थ सांगितला, दोन वाक्यांत. बाबा एकदम ताठ बसले. "म्हणजे आमचं पाणीच की! हे तर गावाला सांगायला हवं."

"तेच तर सांगायला आले होते!" तिने खुर्च्यांकडे हात केला. "पण बाबा, आठ वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंत, हा खुंटा कशाचा म्हणून."

"विचारलं की. पहिल्याच वर्षी. तू घाईत होतीस. म्हणालीस, 'बाबा, हे तुम्हा लोकांना कळायचं नाही.'"

बाबांनी अंगरख्यातून नान काढला, मोडला आणि मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता.

"मी खाली येऊन गावाला तसंच सांगितलं. आमची माणसं गुणी आहेत, पोरी. शिकलेल्यांचा शब्द मोडत नाहीत."