उपयोगाच्या वस्तू

मेहुण्यांनी पिशवीचं अस्तर दोन बोटांत धरलं तशी थोरली एक पाऊल पुढे सरकली.

"आत काय आहे?"

"स्पंज. ओलं खाली झिरपू नये म्हणून." आपला आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "घरी शिवलीय. पंधरा वर्षं मशीन चालवतेय मी, जावईबुवा. उसवायची नाही."

ते हसले नाहीत. पिशवी खाली ठेवून त्यांनी पुढची वस्तू उचलली.

किल्ली खालच्या कोपऱ्यात होती, स्पंजच्या दोन थरांमध्ये. तेवढ्या एका कोपऱ्याला थोरलीनं कच्चा टाका घातला होता. दोरा ओढला की निघेल असा.

बाळ तीन आठवड्यांचं होतं. या खेपेला जाताना काय न्यायचं याचा थोरलीनं दोन दिवस विचार केला होता. खुळखुळे, झालरीची टोपडी, फोटोची चौकट, कशालाच तिनं हात लावला नव्हता. चार तास पाणी गरम ठेवणारा थर्मास घेतला, दुधाच्या बाटल्या घेतल्या, दोन डझन लंगोट घेतले, आणि बाळाला छातीशी बांधायची झोळी. दोन्ही हात मोकळे राहतील अशी.

"बाळ प्रवासाला निघालंय वाटतं!" दुकानदारीण म्हणाली होती. थोरलीनं घाईनं पैसे टाकून सामान उचललं होतं.

आता मेहुणे एकेक वस्तू उलटीसुलटी करून बघत होते. नखं कापायच्या डबीतून त्यांनी इवलीशी कात्री काढली.

"ही परत न्या, ताई. आणि या झबल्यांच्या नाड्या काढून देता येतील?"

"नाड्या? मग बांधायचं कशानं?"

"बटणं लावा ना."

धाकटी पलंगाच्या काठावर बसून होती. परक्याच्या घरी बसावं तशी. बाळ मेहुण्यांच्या खांद्यावर. थोरलीनं हात पुढे केल्यावर त्यांनी ते तिच्याकडे दिलं, पण नजर धाकटीच्या हातांवरून हलवली नाही.

"नाक अगदी तुझं गं," थोरली म्हणाली. "आणि रुसलंय पण तुझ्यासारखंच. मावशीकडे बघायला तयार नाही बेटं."

"असेल," धाकटी म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. बाळाकडे मान वळवायचीही तिला चोरी झाली होती, थोरलीच्या मनात आलं.

गेल्या खेपेला सगळं लक्षात आलं होतं. बाहेरच्या दाराला आतून कुलूप, किल्ली मेहुण्यांच्या खिशात. न्हाणीघराची कडी काढून टाकलेली. दिवसातून तीनदा समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावायच्या, वर तोंड उघडून दाखवायचं. कसल्या गोळ्या, कोण जाणे. त्या घेतल्या की पोरगी पार गळून जायची. फोन आला म्हणून मेहुणे बाहेर गेले, तेवढ्यात धाकटीनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ताई, मला इथून काढ. क्षणभर एकटीला सोडत नाहीत गं मला."

घर घेतलं तेव्हा अडीअडचणीला म्हणून दिलेली दुसरी किल्ली थोरलीकडेच पडून होती. मेहुणे विसरले असावेत. "आणते," ती कुजबुजली होती. "ते आंघोळीला गेले की नीघ. चौकातल्या बस थांब्यावर मी रोज सकाळी नऊला उभी राहीन."

"पिशवी तेवढी जपून वापर हं," आता ती मोठ्यानं म्हणाली. "खालचा कोपरा जरा जाड झालाय."

धाकटीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "बघते," ती म्हणाली.

थोरली निघाली तसे मेहुणे मागोमाग बाहेर आले. दार त्यांनी ओढून घेतलं. डोळ्यांखाली काळं साचलं होतं, दाढी वाढली होती, आणि मनगटावर नखांचे लांब ओरखडे होते. धाकटीनं सुटायची धडपड केली असणार. थोरलीला भडभडून आलं.

"ताई, दोन मिनिटं थांबता? तिच्यासमोर बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले की..."

"तुमचे डॉक्टर तुम्हालाच लखलाभ." ती तरातरा जिना उतरली. आणखी एक शब्द ऐकला असता तर तोंडातून नको ते निघून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती साडेआठलाच थांब्यावर उभी राहिली. कुणी आलं नाही. त्यांना किल्ली सापडली असेल का? सापडली तर तो माणूस काय करील? घरी येऊन तिनं एका झंपराच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना धाकटी समोरच्या पदपथावरून येताना दिसली. पायांत चपला, केस नीट विंचरलेले. थोरलीनं आधी तिच्या मागे बघितलं. मेहुणे नव्हते. कुणीच नव्हतं.

"आलीस गं बाई!" तिनं धाकटीला छातीशी कवटाळलं. तीन दिवसांचं रडू एकदम वर आलं. धाकटीचं अंग हलकं, सैल झालं होतं. ती हसत होती. किती दिवसांनी.

मग थोरलीला जाणवलं, की दोघींच्या मध्ये काहीच नाही.

"बाळ कुठाय?"

"घाबरतेस काय अशी?" धाकटीनं तिचे डोळे पुसले. "ते माझं नव्हतंच, ताई. मी यांना रोज सांगत होते. मघाशी पलीकडच्या थांब्यावर एक बाई गाडीत चढत होत्या, त्यांच्याजवळ देऊन टाकलं."