लेकीच्या घरचं पाणी

"तहान न्हाई, बाई," म्हणत आबांनी भरलेला पेला तसाच ओट्यावर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरून थेट चौकातल्या कारंज्यावर गेले.

दीपमाला खिडकीतून बघत राहिली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या त्या चौकात जुनं दगडी कारंजं होतं. त्याच्या तोटीला बारमाही डोंगरातलं गोड पाणी. धोतर, पटका आणि त्यावर जावयाचं जाड जाकीट अशा अवतारात तिचा बाप ओंजळ लावून घटाघटा पाणी पीत होता. तहान नव्हती म्हणे.

लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा साखरा गावच्या मेंढपाळ घरांतला जुना रिवाज. आता गावात तो फारसं कुणी पाळत नाही. पुसेगावला दिलेल्या लेकीकडे लोक जेवतात, पान खातात, वर डबाही बांधून आणतात. पण आबांचं नाव ज्ञानबा, आणि ज्ञानबा म्हणजे ज्ञानबा. चैत्रात मेंढरं भावाच्या हवाली करून बायकोसोबत विमानात बसले, तेव्हा रिवाजही सोबत घेऊनच आले. पंचफुलाबाई मात्र पहिल्याच दिवशी मोकळ्या झाल्या. "मला बीपीच्या गोळ्या हायत. त्या उपाशीपोटी चालत न्हाईत," असं सांगून लेकीच्या हातचं पोटभर जेवल्या.

आबांनी आपली तोड काढली. पीठ साखऱ्याचं, चटणी साखऱ्याची, भाकरी बायकोच्या हातची, पाणी कारंज्याचं. आणि खायची ती उघड्यावर, म्हणजे डोक्यावर लेकीचं छप्पर नको. शेगडी लेकीचीच होती, पण तिकडं त्यांनी डोळेझाक केली. आता परक्या गावात भाकरीचं फडकं सोडून निवांत बसावं असं उघडं कुठं सापडणार? डोंगरावर. सकाळ झाली की विचारायचे, "जावईबापू, आज कोन्त्या डोंगरावर जायाचं?" शिवप्रसाद खूश. सासऱ्यांना इथल्या डोंगरांचं भारी वेड लागलंय, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगून राहिला होता. वेड कसलं, भूक होती ती.

दीपमालाला आधी हसू यायचं. मग हळूहळू मनाला लागायला लागलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तो भरलेला पेला ओट्यावर तसाच राहायचा आणि तिला वाटायचं, तुझं घर अजून घर झालं नाही, असं आबा रोज न बोलता सांगून जातात. परत जाण्याआधी त्यांनी आपल्या घरात घोटभर पाणी प्यावं, एवढंच तिला हवं होतं. आणि उद्या तर त्यांचं विमान होतं.

त्या दिवशी चौघं रोपवेनं डोंगरावर गेले. माथ्यावर अजून बर्फ होता, उतारावर नवं गवत फुटलं होतं आणि त्यात नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या चरत होत्या. त्यांना बघून आबांचा चेहराच बदलला. एक कोकरू कुरवाळत म्हणाले, "आपल्यापरीस अंगानं भरदार हायत. पण वरडणं बराबर आपल्यावानी." मग खडकावर बसून त्यांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि पहिला तुकडा लेकीपुढं धरला.

तिनं तो घेतला नाही.

"तुमच्या हातचा तुकडा मी खायचा, आन् माझ्या घरचं पाणी तुमी प्यायचं न्हाई. काहून, आबा?"

"रिवाज हाय, माय," आबा हसले. "नातवंड झालं की पितो की. हंडाभर पितो."

शिवप्रसाद उठून उगाच मेंढ्यांकडं बघायला गेला. पंचफुलाबाईंनी तोंडाला पदर लावला. इतके दिवस गिळलेलं दीपमालाच्या तोंडून निघून गेलं.

"होणार होतं, आबा. दिवाळीत पोटात फिरायला लागलं होतं. मग एक दिवस फिरायचं थांबलं."

हे फक्त आईला माहीत होतं. आबांना सांगू नकोस, अशी शपथ दीपमालानं तिला फोनवरच घातली होती. दिवसभर मेंढरांमागं रानात एकटा असणारा माणूस, तो कुणाजवळ रडणार, असं तिला वाटलं होतं.

मोडलेली भाकरी आबांनी तशीच फडक्यात बांधली. खाली येताना रोपवेच्या काचेतून बाहेर बघत बसले, कुणाकडं मान वळवली नाही. दीपमाला मनातल्या मनात स्वतःला बोल लावत होती. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावला. आता पाणी तर लांबच, बापलेकीत बोलणंही राहतं की नाही कोण जाणे.

कारंज्यापाशी ती रोजच्यासारखी थांबली आणि पिशवीतून बाटली काढली. आबा थांबले नाहीत. सरळ जिना चढले, दाराशी चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मांडी घालून बसले.

"दीपा, पाणी दे."

बाटली घेऊन मागोमाग आलेली दीपमाला दारातच थांबली. पंचफुलाबाई बावरून म्हणाल्या, "आवो, आन् तुमचा रिवाज?"

"रिवाज बराबर हाय. मी कुठं मोडून राहिलो?"

दीपमालानं पेला भरून दिला. आबांनी तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा तिच्यापुढं धरला. डोळे वाहत होते, ते पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"आजा तर मी दिवाळीतच झालो व्हतो, माय. मला कुणी सांगितलंच न्हाई, म्हणून तुझ्या घरी इतके दिस तहानलेला राहिलो."